पाव: बाटण्यापासून लादीपर्यंत

आमच्या आजीच्या राज्यात पाव स्वयंपाकघरात यायचा नाही. आणलाच तर कागदासकट पडवीतल्या फळीवर राहायचा, खायचा पण तिथेच, आणि मग हात-तोंड धुऊन आत. का म्हणून विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली असायची, एक म्हणजे "ते मेले पायाने मळतात" आणि दुसरं, जरा आवाज खाली करून, "त्याने बाटतात". पण घरात कुणाला ताप आला की हीच आजी कनवटीचे पैसे काढून मला बेकरीत पिटाळायची, कारण डॉक्टरांनी चहा-पाव सांगितलेला असायचा. आजाऱ्याला सगळं माफ. माझा अंदाज असा की मराठी घरांत पाव पुढच्या दाराने आलाच नाही, तो पेशंटच्या खाटेवरून आत शिरला.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली पुण्या-मुंबईत आर्टिझन ब्रेडची दुकानं निघालीत, तीन-साडेतीनशेला सावरडोचा एक लोफ, त्यावर 'नैसर्गिक खमीर, हाताने घडवलेला' वगैरे लिहिलेलं. चांगला असतो, मी पण घेतो कधीकधी. पण हे काहीतरी नवीन, परदेशातून आत्ता आलंय असं लोक बोलायला लागले की राहवत नाही, कारण नैसर्गिक खमिराचा, हाताने वळलेला, लाकडाच्या भट्टीतला पाव आपल्या बाजूला गोव्यात चारेकशे वर्षं दारात येतोय, तोही सायकलवरून.

सुरुवात १५१० पासून. अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला आणि पोर्तुगीज तिथे ठाण मांडून बसले. माणसं आली, पाद्री आले, पण गव्हाचा पत्ता नाही, कारण कोकणपट्टी म्हणजे भात आणि नाचणी. पोर्तुगीज माणसाला पावाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि चर्चमध्ये प्रसादाला जी ओस्ती लागते ती पण गव्हाचीच लागते, तिथे तांदूळ चालत नाही. गहू बाहेरून आणता आला. खरी अडचण खमिराची होती. युरोपात बेकर दारूभट्टीतला फेस नाहीतर आधीच्या दिवशीचं आंबलेलं पीठ वापरायचे, इथल्या दमट हवेत त्यांनी काय करायचं? उत्तर माडावर टांगलेलं होतं. रेंदेर म्हणजे माडाचा रस काढणारा, तो सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, जो रस काढतो ती सूर. ताजी असताना गोड असते आणि काही तासांत हवेतल्या, मडक्यातल्या यीस्टमुळे आपोआप फसफसायला लागते. तीच सूर पिठात घातली, रात्रभर ठेवली, पीठ फुगलं. आज ज्याला 'वाइल्ड यीस्ट' म्हणून वेगळे पैसे लावतात ते हेच, फक्त झाड आपलं.

हे काम शिकवलं कुणी तर गोव्यातल्या साष्टी तालुक्यात जेजुइट पंथाच्या पाद्र्यांनी, असं सांगतात, आणि त्यात माजोर्डा गावाचं नाव सगळ्यात आधी येतं. तिथल्या बाटलेल्या कुटुंबांनी हा धंदा धरला आणि पिढ्यानपिढ्या चालवला. पोर्तुगीजमध्ये बेकर म्हणजे पादेइरो, त्याचा कोंकणीत झाला पोदेर. पाव हा शब्द पण तिथलाच, पांव म्हणजे ब्रेड. पावशेराचा पाव किंवा पायाने मळलेला म्हणून पाव, या दोन्ही गोष्टी नंतर जुळवलेल्या आहेत, आजीची क्षमा मागून सांगतो.

गोव्याचा पाव म्हणजे एकच प्रकार नाही हे आपल्याकडच्या लादीवाल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. चौकोनी मऊ पाव आहे, मधे चीर दिलेला गोल कडक उंडो आहे, कात्रीने कापून फुलपाखरासारखा उघडलेला कातऱ्याचा पाव आहे, चहात बुडवायला बांगडीसारखी खुसखुशीत काकणां आहेत, आणि माझी लाडकी म्हणजे पोई, कोंड्यात लोळवलेली चपटी, आतून पोकळ, गरम असताना तिच्यात काहीही भरा. भट्टी मातीची, घुमटाची. आत लाकडं पेटवायची, घुमट तापला की निखारे बाजूला ओढायचे, तळ पुसून घ्यायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून एकेक गोळा आत सरकवायचा. पहिल्या जाळाची ताकद असते तेव्हा कडक प्रकार, नंतर ऊब उतरेल तसे बाकीचे. थर्मामीटर नाही, भट्टीत मूठभर पीठ टाकून ते कसं करपतं त्यावरून अंदाज घेणारे लोक आहेत. पूर्वी पोदेर हातात घुंगरांची काठी घेऊन यायचा, ती आपटली की कळायचं पाव आला, आता सायकलला रबरी भोंगा आणि मागे निळ्या प्लॅस्टिकने झाकलेली टोपली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घरात कुणी नसलं तर दाराला अडकवलेल्या पिशवीत ठरलेले पाव टाकून पुढे जातो, हिशोब महिन्याला.

आता बाटण्याचं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळता की नाही हे तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्या काळात काय खाता, कुणाच्या हातचं खाता, यावरून माणूस इकडचा की तिकडचा हे ठरायचं. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खं गाव बाटलं ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, गोव्यात, वसईत, कोकणात, प्रत्येक ठिकाणी तीच विहीर आणि तोच तुकडा. घडलं किती आणि रंगवलं किती हा वेगळा विषय, पण त्या गोष्टीत एक फार वाईट सत्य आहे ते म्हणजे ज्यांनी न कळत पाणी प्यायलं त्यांना परत घ्यायला आपलेच लोक तयार नव्हते. बाहेर ढकललं पाद्र्यांनी आणि दार लावून घेतलं आपण. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, चिमाजी आप्पांनी १७३९ ला घेतली, पण तिथले ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले आणि घरात बोलत राहिले मराठीचीच एक बोली.

म्हणून मला पुढची गोष्ट भारी वाटते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, गुप्त. त्यात दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, तेच मराठी व्याकरणवाले, ज्यांच्या नियमांवर आपण शाळेत मार खाल्ला. जातपात मानायची नाही हा त्यांचा मुद्दा, आणि तो नुसत्या भाषणाने सिद्ध होत नाही हे त्यांना बरोबर कळलेलं. म्हणून सभासद व्हायचं तर काय करायचं? ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बास. विहिरीत टाकलेला तोच पाव, पण इथे माणूस डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या हाताने उचलून खातोय, शेजारी वेगळ्या जातीचा दुसरा बसलेला. मला यातलं धाडस आणि भीती दोन्ही दिसतात, कारण हे सगळं दार बंद करून चालायचं, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली. म्हणजे तुकडा गिळायची हिंमत होती, पण गिळला हे शेजाऱ्याला कळू द्यायची नव्हती. त्यातलीच काही मंडळी पुढे १८६७ च्या प्रार्थना समाजात दिसतात.

आणि भीती उगाच नव्हती. १८९० ला पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली, टिळक होते, रानडे होते, आणखी बरीच मंडळी. कुणी घेतलं, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्यानेच हे घडवून आणलेलं, वर नावं छापून आणली, आणि पुण्यात असा धुरळा उडाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. बेकरीतल्या एका बिस्किटावर. आज हे वाचताना हसू येतं, पण आजीची पडवीतली फळी त्याच धुरळ्यातली.

मुंबईत मात्र पोट पुस्तकापेक्षा लवकर शहाणं झालं. १९ व्या शतकात गोव्याहून माणसं लोंढ्याने यायला लागली, बोटीवर खलाशी, बंगल्यात खानसामे, बँडमध्ये वाजवणारे आणि बेकर. राहायला गावागावाचे कूड, म्हणजे एकेका गावाची सामाईक खोली, भिंतीला लागून ट्रंका, एका कोपऱ्यात देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा आणि वर्षातून एकदा गावच्या सायबाचं, म्हणजे संताचं, फेस्त करून एकत्र जेवायचं. नोकरी गेली, बोट चुकली, आजारी पडलं, की कूड सांभाळायचा. धोबी तलावच्या जेर महालात असे कूड आहेत, आणि गंमत म्हणजे त्याच जेर महालाच्या खाली १९०४ पासून कयानी हे इराणी हॉटेल आहे, वर गोव्याचे लोक, खाली इराण्याचा ब्रून-मस्का. बाकी मुंबई या लोकांना 'माकापाव' म्हणून चिडवायची, म्हणजे 'मला पाव'. खात सगळेच होते, चिडवायला मात्र ते.

कापड गिरणीमुळे मराठी माणूस पावाच्या आणखी जवळ गेला. पाळ्या तीन, खोलीत दहा-बारा जण, बायको गावाला, चूल कोण पेटवणार? जेवण खानावळीत, आणि मधल्या भुकेला पाव. खानावळ म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईने वीस-पंचवीस कामगारांना घातलेलं जेवण, महिन्याच्या बोलीवर, भाकरी-भात-कालवण. १९७० च्या दशकातल्या गिरणी संपात पगार थांबले तरी या बायकांनी उधारीवर जेवण चालू ठेवलं, स्वतःचे दागिने सावकाराकडे टाकून. संपाला कुणी पाठिंबा दिला याची यादी करताना यांची नावं येत नाहीत. प्रेमा पुरव यांनी, ज्या मूळच्या गोव्याच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या खानावळवाल्यांना गटागटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकीने थकवलं तर बाकीच्या जबाबदार, आणि बायका थकवत नव्हत्या.

वडापाव १९६६ ला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी लावला असं मानलं जातं, ते सगळ्यांना माहीतच आहे म्हणून थांबत नाही. त्याआधी १९६५ ला सरकारने मॉडर्न बेकरी काढून कागदात गुंडाळलेला स्लाइस ब्रेड घरोघर नेला, २००० साली ती विकून पण टाकली. सूर कधीच मागे पडली होती, कारण पाकिटातलं यीस्ट एका तासात काम करतं आणि त्यासाठी कुणाला माडावर चढावं लागत नाही. रेंदेराची पोरं आता चढत पण नाहीत, गोव्यात सुरेचे सान्नां, म्हणजे तांदळाचे इडलीसारखे वाफवलेले, मिळाले तरी सुरेचा पाव शोधावा लागतो. भट्टी गोवेकराच्या मालकीची असली तरी बऱ्याच ठिकाणी आत मळणारे, भाजणारे कर्नाटकातले आहेत, आणि त्यात मला तरी वाईट काही वाटत नाही, चारशे वर्षांपूर्वी माजोर्ड्याची माणसं पण दुसऱ्याकडूनच शिकली होती.

मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस नाहीतर विजेवर न्या म्हणून सांगितलं. हवा घाण झालीये हे खरंच आहे, आणि भट्टीत जुनी कपाटं, लॅमिनेट मारलेले तुकडे जळतात तो धूर कुणाच्याही फुप्फुसाला चांगला नाही, आतल्या कामगाराच्या तर नाहीच. पण नवीन ओव्हनचा खर्च, गॅसची जोडणी, जागेचे कागद, हे सगळं अशा माणसाने करायचं ज्याचा पाव महाग झाला की आपणच आधी ओरडतो. साडेतीनशेचा लोफ न घासाघीस करता घेणारे आपण लादीमागे दोन रुपये वाढले की सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा करतो, मी पण केलीये.

आमच्या नाक्यावरच्या बेकरीवाल्या चाचांनी गेल्या वर्षी भट्टी बंद करून विजेचा ओव्हन घेतला. पैसे कमी पडत होते तेव्हा आजूबाजूच्या हॉटेलवाल्यांनी, दोन वडापावच्या गाड्यांनी आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सात-आठ घरांनी तीन-तीन महिन्यांचे पावाचे पैसे आगाऊ दिले, वहीत नाव लिहून. कुणाची कल्पना ते आता कुणालाच आठवत नाही, वडापाववाला म्हणतो त्याची. पहिल्या आठवड्यात लादी वरून पांढरी आणि खालून करपलेली यायची, चाचा स्वतःच तोंड पाडून द्यायचे, म्हणायचे मशीनला अजून हात कळत नाही. आता जमलंय. तरी संध्याकाळी सहाची लादी घ्यायला गेलो की ते एक पाव मोडून, आत बोट दाबून बघतात, परत वर येतो का, आणि मग कागदात बांधतात.