विरजण बिघडतं तेव्हा

तिबेटातल्या ल्हासात दर उन्हाळ्यात 'शोतोन' साजरा होतो. शो म्हणजे दही, तोन म्हणजे मेजवानी. हे दही ज्यांच्यामुळे लागतं त्यांचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस जिवाणू, बाईच्या योनिमार्गातही राहतात. पेशींतल्या ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि तिथला सामू ३.८ ते ४.५ च्या आसपास राहतो. एवढ्या आंबटपणात उपद्रवी जंतूंचं फारसं चालत नाही.

हे विरजण बिघडलं की 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' होतो: पातळ, करडा स्राव आणि मासळीसारखा वास. जगात प्रजननवयातल्या साधारण चौघींपैकी एकीला तो असतो. कँडिडा बुरशीची तऱ्हा वेगळी. तिथे खाज असह्य, स्राव फाटलेल्या दुधासारखा, पण सामू बहुतेक वेळा बदलत नाही. ट्रायकोमोनास हा परजीवी लैंगिक संबंधातून येतो, म्हणून औषध नवऱ्यालाही द्यावं लागतं. (दही लावून हे बरं होत नाही. भाऊबंद असले तरी ताटातले जिवाणू वेगळे, योनीतले वेगळे.)

ल्हासा ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांलाच उकळतं. पठारावरच्या पशुपालक बायकांना हिवाळ्यात तेवढंही सोपं नाही. ओढे गोठतात, आणि बर्फ वितळवायला याकच्या वाळल्या शेणाचा विस्तव लागतो. यावरून 'अस्वच्छतेमुळे रोग' असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. मला तो अर्धवट वाटतो. पाण्याची टंचाई जाचक आहेच, पण योनी आतून धुण्याच्या सवयीनेही व्हजायनोसिसचा धोका वाढतो. उपकारक जिवाणूच वाहून जातात. शिवाय दवाखाना लांब, आणि तपासणारा पुरुष असेल तर तोंड उघडायचं कसं?

ही अडचण आपल्याला परकी नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. पूर्वी तपासणी आणि उपचार झाले होते जेमतेम ८ टक्क्यांचे. जवळपास निम्म्या जणींची तर तक्रारच नव्हती. म्हणजे 'अंगावरून पांढरं जातं का?' एवढं विचारून भागत नाही.

व्हजायनोसिस ओळखायला १९८३ पासून अॅम्सेलचे चार निकष आहेत. त्यांतले तीन जुळले की निदान पक्कं. सूक्ष्मदर्शक लागतो एकाच निकषाला. बाकी तिन्हींसाठी डोळे, नाक, सामूची कागदी पट्टी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पुरतो. एवढं सामान घेऊन परिचारिका याकच्या केसांच्या काळ्या तंबूपर्यंतही जाऊ शकते.