युफोर्बिया मिली

एरंड कुळातील (युफोर्बिएसी) काटेरी, मांसल खोडाचे झुडूप, मूळ मादागास्करचे. रेयुनियन बेटाचे गव्हर्नर मिलियस यांनी ते १८२१ मध्ये फ्रान्सला नेले, त्यावरून हे नाव पडले. ‘काटेरी मुकुट’ म्हणूनही ते ओळखले जाते. काटे म्हणजे रूपांतरित उपपर्णे (पानाच्या देठाच्या तळाशी येणारे छोटे अवयव), लांबी साधारण ३ सेंमीपर्यंत. पाकळ्या वाटतात ती रंगीत छदे (फुलाखालची पानासारखी अंगे) असतात. खरी फुले मधोमध, अगदी बारीक. मराठीत निवडुंग म्हटले की कॅक्टस आणि थोर एकाच टोपलीत पडतात, पण ओरखडा काढताच पांढरा चीक आला तर तो बहुधा थोराच्या गोतातला. गुजरातेत शेताच्या कुंपणाला लावतात तो थोर याच युफोर्बिया वंशातला भाऊबंद.

बडोद्यात हे झाड उन्हाने सहसा मरत नाही, पावसाने मरते. मे महिन्यातील ४२ अंश ते सोसते. जुलैतील साचलेले पाणी नाही. इथली काळी माती कुंडीत वापरूच नये, ती पाणी धरून ठेवते. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे तुकडे आणि अर्धा भाग जुने शेणखत हे मिश्रण चालते. आठ इंची मातीची कुंडी पुरे. खाली ताटली नको. रोज चार-पाच तास थेट ऊन हवे, त्याहून कमी मिळाले तर पाने वाढतात आणि फुले रुसतात. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे: उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, थंडीत दहा-बारा दिवसांनी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली सरकवावी. कोरड पडली की पाने गळतात. ते झाड मेल्याचे लक्षण नव्हे, मात्र घाबरून पाणी ओतत राहिले तर मुळे खरोखर कुजतात.

बुंधा मऊ, तपकिरी झाला तर खालून झाड वाचत नाही. आतला भाग स्वच्छ, डागरहित दिसेपर्यंत वर वर कापत जावे आणि शेंड्याचे कटिंग करावे. फेब्रुवारी-मार्च हा त्यासाठी चांगला काळ. ८ ते १० सेंमीचा तुकडा धारदार सुरीने कापून टोक लगेच पाण्यात बुडवावे, म्हणजे चीक थांबतो. मग सावलीत चार-सात दिवस वाळवून कोरडसर वाळूत रोवावे. ओली जखम मातीत गेली की कुजते, बहुतेक अपयश इथलेच. मुळे फुटायला महिना-दोन महिने लागतात. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपावे.

काट्यापेक्षा चीक घातक. त्यात त्वचा व श्लेष्मल त्वचेचा दाह करणारी डायटर्पिनॉइड द्रव्ये असतात. छाटताना आत नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), वर चामड्याचे हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्या आणि बाजूने बंद गॉगल. साधा चष्मा पुरत नाही. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी करून खोडाला पट्टा घालावा आणि पट्ट्यानेच उचलावे. कापलेल्या फांद्या जाळू नयेत, धूरही झोंबतो. चीक लागलाच तर साबण व भरपूर पाण्याने धुवावे. तोवर हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेला तर चोळू नये, पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सुरुवातीला फक्त चुरचुरते आणि त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून ‘बरे वाटतेय’ यावर विसंबू नये. झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा.

चीक लागलेली अवजारे मासे असलेल्या टाकीत धुवू नयेत. या झाडाच्या चिकाने गोगलगायी मरतात, आणि ब्राझीलमध्ये शिस्टोसोमियासिस हा कृमींचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायींवर त्याचे प्रयोग झाले आहेत.

जागा निवडताना तुळशीशेजारी ठेवू नये. पाने खुडायला रोज हात जातो. गच्चीवरच्या कुंड्या उत्तरायणाआधी खाली उतरवाव्यात. काट्यांत अडकलेला मांजा कोणी ओढला की फांदी मोडते, आणि चीक बहुधा वर पतंगाकडे पाहणाऱ्याच्याच चेहऱ्यावर उडतो.