सांगाडा १९३५ चा, मत मात्र आपलं

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही गाइडमध्ये एक तक्ता हमखास सापडतो. संसदीय पद्धत ब्रिटनची, मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडची, आणीबाणीतली हक्कांची स्थगिती वायमार जर्मनीची. पोरं तो घोकून टाकतात, एक मार्क पक्का होतो. आणि भारताची राज्यघटना म्हणजे पाच घरची माधुकरी, हा समज कायमचा डोक्यात बसतो. खरं तर तिचा सांगाडा घरातच उभा होता, फक्त तो बांधला होता इंग्रजांनी.

१९३५ चा भारत सरकार कायदा हा तो सांगाडा. ३२१ कलमं, १० परिशिष्टं. जवाहरलाल नेहरूंनी त्याची ‘गुलामगिरीची सनद’ अशी संभावना केली होती. तरी केंद्र-प्रांतांच्या विषयांच्या याद्या, राज्यपाल, वटहुकूम, लोकसेवा आयोग हे सगळं तिथूनच आलं. कलम ९३ घ्या. या कायद्यातल्या तरतुदींनुसार प्रांताचा कारभार चालवणं शक्य नाही अशी गव्हर्नरची खात्री पटली, की त्यानं जाहीरनामा काढून सत्ता हातात घ्यायची. आपल्या घटनेच्या कलम ३५६ मध्ये गव्हर्नरच्या जागी राष्ट्रपती आले आणि ‘या कायद्या’च्या जागी ‘या संविधाना’चा उल्लेख आला. साचा तोच.

घटना म्हणजे १९३५ च्या कायद्याची नक्कल, हा आक्षेप घटना समितीतही निघाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी तो उडवून लावला नाही. उसनं घेण्यात लाज कसली, घटनेच्या मूळ कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं, असं त्यांनी सांगितलं. १९३५ च्या कायद्यातून आलेला भाग बराचसा कारभाराच्या तपशिलाचा आहे, याचं मात्र वाईट वाटतं, अशी कबुलीही दिली. तरी तो तपशील हवा, कारण घटनेला हात न लावता नुसता कारभार फिरवूनही घटना मोडता येते आणि सांविधानिक नीतिमत्ता, म्हणजे घटनेचा मान राखून वागण्याची सवय, आपल्याकडे अजून रुजलेली नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

मग या कायद्यात नव्हतं ते काय? सगळ्यांना मत.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार होते सुमारे ३ कोटी. शेतसारा, प्राप्तिकर, घरभाडं, शिक्षण यांतलं काही तरी दाखवल्याशिवाय यादीत नाव चढत नसे. बायकांपैकी अनेकींना मत मिळालं ते नवऱ्याच्या मालमत्तेवर. या बाबतीत इंग्रजी कायद्यांची साखळी कुठवर जाते ते तिथेच कळतं. पुढचा धागा भारतीयांनी स्वतः केलेल्या मसुद्यांत शोधावा लागतो.

त्यातला सर्वांत जुना मसुदा १८९५ चा. भाषणस्वातंत्र्य, घराची अभेद्यता, कायद्यापुढे समानता एवढं त्यात आहे. त्यामागे टिळकांची प्रेरणा होती असं मानलं जातं, पण मसुद्यावर कुणाचंच नाव नाही. १९२५ मध्ये ॲनी बेझंट आणि सहकाऱ्यांनी केलेलं विधेयक ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. त्यात गावपातळीवर सगळ्यांना मत होतं, पण वर चढत जावं तशा अटी कडक होत जात. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता. तुम्हीच सर्वांना पटेल अशी घटना करून दाखवा, हे भारतमंत्री बर्कनहेड यांचं आव्हान होतं. त्याला उत्तर म्हणून मोतीलाल नेहरूंच्या समितीचा १९२८ चा नेहरू अहवाल आला. समितीत वणीचे लोकनायक बापूजी अणे होते, कामगारांचे ना. म. जोशी होते. २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत, असं या अहवालानं स्वच्छ लिहिलं.

आंबेडकर या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेनं आले. जानेवारी १९१९ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. प्रतिनिधित्वाचा आणि सरकारी पद धारण करण्याचा हक्क यांतच नागरिकत्व असतं, आणि अस्पृश्यांना नेमके तेच नाकारलेले आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा वय होतं २७. पुढे सायमन कमिशनच्या काळात, १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला.

साताऱ्याकडच्या औंधनं तर कागद सोडून करूनच पाहिलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाची घटना तयार केली. जानेवारी १९३९ मध्ये राजानं आपली सत्ता लोकांकडे सोपवली. पाया होता गावची पंचायत. भारताच्या घटनेत मात्र गावाच्या वाट्याला आलं ते मार्गदर्शक तत्त्वांतलं कलम ४०, तेही मागाहून. मसुद्यात गाव हा पाया नव्हताच. ४ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात आंबेडकरांनी गावाला अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं आगर म्हटलं. महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी उभं राहावं लागलेल्या माणसानं दुसरं काय म्हणावं?

घटना समिती स्वतः सगळ्यांच्या मतांवर निवडून आलेली नव्हती, हे अनेकांच्या लक्षातच नसतं. १९४६ मध्ये मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी तिचे सदस्य पाठवले, उरलेले संस्थानांचे. मुंबईतून आंबेडकरांना जागा मिळाली नाही. ते आले बंगालमधून, तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीनं. फाळणीत ती जागा गेली. मग बॅ. मु. रा. जयकरांनी राजीनामा दिल्यानं मुंबईची जागा रिकामी झाली होती, ती राजेंद्रप्रसादांनी मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरांना पत्र लिहून आंबेडकरांना मिळवून दिली. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. एक जागा इकडची तिकडे झाली असती, तर मसुदा कुणी मांडला असता कोण जाणे.

घटना समितीनं कलम ३२६ मंजूर केलं: तेव्हा वयाची २१ वर्षं पूर्ण, मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट नाही. धोका आहे, असं म्हणणारे होते. समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी त्यांना उत्तर दिलं की खेड्यातला माणूस निरक्षर असेल, पण त्याला शहाणपण आहे.

मतदार याद्यांचं काम तर घटना लागू होण्याआधीच सुरू झालं होतं. पहिल्या निवडणुकीपर्यंत यादी १७ कोटींच्या वर गेली. तिथे एक अडचण आली. अनेक भागांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. यादीत नोंद व्हायची ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत म्हणून कळवलं, नावं देण्यासाठी मुदतही वाढवली. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नोंद शेवटी यादीतून कमी करावी लागली.