गळ्यापासून कानापर्यंतची जवळची वाट

गायनाच्या रियाजासाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण, घेणाऱ्या अनेकांचा असा समज असतो, की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकायचा तर ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उघडावेच लागते. इंटरफेससोबत मिळणारा मिक्सर, म्हणजे कोणता आवाज कुठे आणि किती जावा हे ठरवणारे सॉफ्टवेअर, मग वापराविना पडून राहतो आणि मला हे नुकसानच वाटते, कारण रियाजापुरता तो एकटाच पुरेसा असतो.

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधून ऐकताना आवाज आधी संगणकात जातो आणि तेथे बफर नावाच्या साठ्यात थांबतो. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले जात असतील आणि बफर 256 नमुन्यांचा असेल, तर जाताना सुमारे 5.3 मिलिसेकंद आणि परतताना तेवढाच वेळ लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे गायकाचा स्वर जणू साडेतीन मीटरांहून दूर ठेवलेल्या स्पीकरमधून त्याच्या कानी येतो. स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून कानापर्यंत आधीच पोहोचलेला असल्यामुळे हा उशीर विशेष खटकतो, आणि द्रुत तानेत तर तो लय बिघडवू शकतो.

जर्मनीतील आरएमई कंपनीच्या ‘टोटलमिक्स एफएक्स’ या मिक्सरमध्ये हा फेरा टळतो. पडद्यावर आवाज कमी-जास्त करणारी दांडी सरकवली की इंटरफेसला केवळ आज्ञा जाते. आवाजांची बेरीज आतली चिप करते, त्यामुळे माईकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळतो. वरच्या ओळीत माईक आणि वाद्ये, मधल्या ओळीत संगणकातून वाजणारा आवाज, तर खालच्या ओळीत हेडफोन आणि स्पीकर अशी त्याची मांडणी असते. नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा एकाच ठिकाणी होतो: आधी खालच्या ओळीतील हेडफोन निवडायचा असतो आणि मगच वरच्या दांड्या हलवायच्या असतात, कारण प्रत्येक आउटपुटचे मिश्रण स्वतंत्र असते. तानपुऱ्याचे ॲप संगणकावर लावले, तर त्याचा आवाज मधल्या ओळीत येतो आणि गळ्याशी त्याचे प्रमाण हवे तसे जुळवता येते.

परदेशातील शिष्याला व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या गुरूंना मिक्सरमधला ‘लूपबॅक’ फार उपयोगी पडतो. एखाद्या आउटपुटवरील गळा आणि तानपुरा यांचे तयार मिश्रण त्यामुळे संगणकाला माईकसारखे मिळते. मात्र शिष्याचा येणारा आवाज त्या मिश्रणात जाऊ देऊ नये. नाहीतर त्याला स्वतःचेच बोलणे उशिराने परत ऐकू येते.

मिक्सर स्वतः आवाज साठवत नाही. बंदिश जपून ठेवायची असेल, तर लूपबॅकचा आवाज कोणत्याही साध्या रेकॉर्डरमध्ये घेता येतो. आरएमईच्याच फायरफेस यूएफएक्स मालिकेतील काही इंटरफेस तर थेट पेनड्राइव्हवरच ध्वनिमुद्रण करतात.