वखारीतून दप्तरात

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल आणि जॅकार्ड चादरी विणणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे, असे समजू. कारखाना कल्पनेतला आहे, पण त्याच्यापुढची अडचण आज पुष्कळ उद्योगांपुढे उभी आहे. त्याच्या ऑर्डरी, बिले, सुताची खरेदी आणि गाठींची रवानगी या सगळ्यांच्या नोंदी काही वर्षांपासून गूगलच्या बिगक्वेरी या क्लाउड डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठीच्या डेटाच्या वखारीत, साठत आल्या, कारण कोणत्या रंगाचा टॉवेल कोणत्या महिन्यात अधिक उठतो हे मालकांना पाहायचे होते. आता त्याच नोंदींवर बिलिंगचा काउंटर, गोदामातला मोबाइल आणि व्यापाऱ्यांसाठीचे पोर्टल चालवायचे आहे, म्हणून त्या पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या, डेटाबेसमध्ये न्यायचे ठरले. भरणा सुरू झाला आणि नव्या डेटाबेसने मध्येच काम थांबवले. त्याचा आक्षेप असा, की २०२४-२५ या आर्थिक वर्षात १ क्रमांकाचे बिल आधीच नोंदलेले आहे आणि त्याच वर्षात त्याच क्रमांकाचे दुसरे बिल घेता येणार नाही. वेअरहाउसमध्ये मात्र ही दोन्ही बिले कोणतीही कुरकुर न होता एकत्र नांदत होती.

या दोन ठिकाणी डेटा कसा ठेवला जातो हे सोलापुरात मागाच्या आधाराने सहज सांगता येते. मागावर ताण्याचे उभे धागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात आणि बाण्याचा प्रत्येक आडवा धागा त्या सगळ्यांना छेदून जातो. वेअरहाउस ताण्याच्या अंगाने डेटा ठेवते: सगळ्या बिलांच्या रकमा एका जागी, सगळ्या तारखा दुसऱ्या जागी, सगळी गावे तिसऱ्या जागी. रिलेशनल डेटाबेस बाण्याच्या अंगाने ठेवतो, म्हणजे एका बिलाचा क्रमांक, तारीख, पार्टी आणि रक्कम शेजारीशेजारी, एकाच पानावर. पोस्टग्रेसमध्ये असे पान सहसा ८ केबीचे असते.

पाच वर्षांतल्या विक्रीची बेरीज हवी असेल तर उभ्या मांडणीला तोड नाही, कारण फक्त रकमांचा रकाना वाचावा लागतो आणि एकाच प्रकारची मूल्ये शेजारी असल्याने ती दाबून बसवताही येतात. पण गोदामातल्या माणसाला एकच गाठ कोणत्या बिलावर गेली हे हवे असते, आणि तेवढ्यासाठी रकानेच्या रकाने वाचावे लागणे म्हणजे एका टॉवेलसाठी ट्रक पाठवण्यासारखे आहे. बिगक्वेरीच्या ऑन-डिमांड दरपद्धतीत पैसे वाचलेल्या बाइट्सवर लागतात, प्रत्येक टेबलामागे किमान १० एमबी वाचल्याचे धरले जाते, आणि साध्या टेबलावर ‘फक्त एकच ओळ दाखव’ असे सांगितल्याने हे वाचन कमी होत नाही. पोस्टग्रेसचा बी-ट्री इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय, हेच काम कोटभर ओळींच्या टेबलातही चार-पाच पाने चाळून उरकतो. दुरुस्तीचेही तसेच आहे. स्नोफ्लेक या दुसऱ्या प्रसिद्ध वेअरहाउसमध्ये डेटा न दाबलेल्या मापाने ५० ते ५०० एमबीच्या तुकड्यांत ठेवलेला असतो, हे तुकडे एकदा लिहिले की बदलत नाहीत, आणि एका ओळीतले एक अक्षर सुधारायचे असले तरी तो तुकडा नव्याने लिहावा लागतो.

इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. रिलेशनल मॉडेल एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडले. पोस्टग्रेसचे काम बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाले आणि आजचे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले. बिगक्वेरीमागच्या ड्रेमेल या प्रणालीवरचा गूगलचा शोधनिबंध २०१० चा आहे. म्हणजे आपण ज्याच्याकडे निघालो आहोत ते तंत्र जुने आहे आणि ज्याला सोडतो आहोत ते नवे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आपल्या बिलाच्या दृष्टीने मांडणीपेक्षाही महत्त्वाचा फरक शिस्तीचा आहे. बिगक्वेरीत, ॲमेझॉनच्या रेडशिफ्ट या वेअरहाउसमध्ये आणि स्नोफ्लेकच्या नेहमीच्या टेबलांत ‘हा रकाना प्रायमरी की आहे’, म्हणजे त्यातले मूल्य पुन्हा येणार नाही, असे लिहिता येते, पण ती घोषणा केवळ माहितीसाठी असते; तिच्याविरुद्ध जाणारी ओळ आली तर अडवणारे कोणी नसते. वखारीच्या दारात गाडी लागली की माल आत जातो, तसाच हा प्रकार. रिलेशनल डेटाबेस दप्तरी कारकुनासारखा वागतो आणि प्रत्येक नोंद नियमाला लावून पाहिल्याखेरीज वहीत उतरवत नाही. त्यामुळे डेटा हलवण्याच्या कामात वाहतुकीचा भाग खरे तर सोपा असतो. वेळ जातो तो इतकी वर्षे कोणी न तपासलेल्या नोंदी पहिल्यांदाच तपासल्या जाण्यात, आणि तपासणीचा नियम काय असावा हे ठरवण्यात.

बिल क्रमांकाचाच नियम घ्या. क्रमांक पुन्हा येता कामा नये असे कोणालाही वाटेल, आणि नवखा प्रोग्रामर तो रकाना एकमेव ठरवून मोकळा होईल. तसे केल्यास निम्म्याहून अधिक बिले नाकारली जातील, कारण कारखान्यात दर १ एप्रिलला क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ यांतल्या नियम ४६ नुसार बिलाचा अनुक्रमांक सलग, १६ अक्षरांपर्यंतचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. तेव्हा एकमेवपणाची अट आर्थिक वर्ष आणि क्रमांक या जोडीवर घालायला हवी. हे संगणकाला ठाऊक नसते आणि क्लाउड कंपनीच्या पुस्तिकेतही लिहिलेले नसते. ते कारखान्याच्या हिशेबनीसाला विचारावे लागते. आपल्या कारखान्यात ही अट बरोबर घातलेली होती, आणि तरीही १ क्रमांकाचे बिल अडले.

आता प्रत्यक्ष वाहतूक. वेअरहाउसमधून डेटा फायलींच्या रूपाने क्लाउडच्या साठ्यात उतरवायचा, तिथून नव्या यंत्रावर आणायचा आणि भरायचा, हा सरळ मार्ग आहे. क्लाउडबाहेर डेटा नेण्याचे भाडे वेगळे लागते हे आधीच धरून ठेवावे. बिगक्वेरीत एकाच ओळीच्या पोटात यादी ठेवण्याची सोय असल्यामुळे एक ऑर्डर आणि तिच्यातले टॉवेलचे बारा प्रकार हे बहुधा एकाच ओळीत दडलेले असतात. अशी ओळ सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या, फायलीत उतरवता येत नाही. आधी यादी उलगडून ऑर्डरींचे एक आणि त्यांतल्या मालाचे दुसरे अशी दोन टेबले करावी लागतात. इथे एक खाचखळगा आहे. उलगडण्याची जी रीत सर्रास लिहिली जाते, तिच्यात पोटातली यादी रिकामी असलेली ऑर्डर निकालातून पूर्णपणे गळते. व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम भरली आहे पण मालाचे प्रकार अजून कळवलेले नाहीत, अशा ऑर्डरी या वाटेने बिनबोभाट नाहीशा होतात. म्हणून ऑर्डरींचे टेबल स्वतंत्रपणे उतरवावे आणि मालाच्या टेबलासाठी लेफ्ट जॉइन, म्हणजे जोडीला काही नसलेली ओळही राखणारी जोडणी, वापरून पाहावा.

सीएसव्हीचा साधेपणाही फसवा असतो. पुढच्या दोन ओळी पाहा:

१०४,,चादर
१०५,"",चादर

मधला रकाना वाहतूकदाराच्या नावाचा आहे. माणसाला दोन्हीकडे तो रिकामाच दिसतो, पण पोस्टग्रेसची कॉपी ही आज्ञा सीएसव्ही वाचताना पहिल्या ओळीत ‘माहिती नाही’ असे नोंदवते आणि दुसरीत ‘शून्य अक्षरांचे नाव’ असे नोंदवते. पुढे ‘ज्या बिलांवर वाहतूकदार नाही ती दाखव’ असे विचारले तर १०४ दिसेल आणि १०५ दिसणार नाही. वेअरहाउसमधून फाइल काढणाऱ्या साधनाने या दोहोंतला फरक राखला होता की दोन्ही सारखेच लिहिले होते, हे दहा-वीस ओळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा तपासणीसाठी फाइल एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह टाळावा. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळींपलीकडे काही मावत नाही, आणि आकड्यांच्या डावीकडचे शून्य तो आपणहून पुसून टाकतो. टॉवेलच्या एचएसएन या माल-वर्गीकरणाच्या कोडची सुरुवात ६३०२ ने होते, म्हणून टॉवेलवाल्याचे निभावते. मालकांचा डाळिंबाच्या निर्यातीचाही व्यवसाय असेल तर ०८१० चे ८१० होते. त्यामुळे ज्यांची बेरीज कधी करायची नाही असे सगळे कोड आकडे दिसत असले तरी मजकूर म्हणूनच ठेवावेत.

रकमांच्या बाबतीत याच्या उलट काळजी लागते. वेअरहाउसमध्ये रक्कम फ्लोट प्रकारात ठेवलेली असेल तर ती द्विमान पद्धतीने जवळपासच्या मूल्यावर बसवलेली असते, आणि बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे अंक हलू शकतात. नव्या डेटाबेसमध्ये तिच्यासाठी दोन दशांश स्थळांचा न्यूमरिक प्रकार घ्यावा, आणि जुन्या-नव्या बेरजांत पैशांचा फरक निघाला तर तो कशामुळे आला हे लिहून ठेवावे. देवनागरी मजकुराची गंमत आणखी वेगळी आहे. ‘सोलापूर’ या शब्दात काना-मात्रांसह सात युनिकोड चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन, असे एकूण २१ बाइट्स लागतात. पोस्टग्रेस मजकुराची लांबी चिन्हांत मोजतो, रेडशिफ्ट बाइट्समध्ये मोजते. म्हणून पोस्टग्रेसमधल्या सात लांबीच्या रकान्यात बसणारे आपल्या शहराचे नाव रेडशिफ्टमधल्या वीस लांबीच्या रकान्यात बसत नाही. रेडशिफ्टकडून येणाऱ्यांनी गावांची नावे मध्येच तुटलेली नाहीत ना, हे मूळ साठ्यातच पाहून घ्यावे.

आता अडलेल्या बिलाकडे वळू. कागदावरचे बिल काढून पाहिले तर त्यावर तारीख १ एप्रिल २०२५ आणि वेळ रात्री १ वाजून ४० मिनिटे अशी होती. न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा कंटेनर रातपाळीतच भरून निघाला होता आणि नव्या आर्थिक वर्षातले ते पहिलेच बिल होते. बिगक्वेरीतला टाइमस्टॅम्प म्हणजे काळातला एक नेमका क्षण, आणि त्यातून तारीख काढताना कोणत्या ठिकाणची तारीख हवी हे सांगितले नाही तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार निघते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सोलापुरातले १ एप्रिलचे १ वाजून ४० मिनिटे यूटीसीनुसार ३१ मार्चचे रात्री ८ वाजून १० मिनिटे होतात. फाइल काढणाऱ्या क्वेरीने त्या तारखेवरून आर्थिक वर्ष ठरवले, ते २०२४-२५ निघाले, आणि त्या वर्षातले १ क्रमांकाचे बिल वर्षभरापूर्वीच होऊन गेलेले होते.

या एका बिलाने आरडाओरडा केला म्हणून चूक सापडली. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात झालेल्या प्रत्येक बिलाची तारीख अशीच एका दिवसाने मागे गेलेली होती, फक्त त्यांचे क्रमांक कशाशी धडकले नव्हते. महिनाअखेरीच्या रात्रीची बिले वेअरहाउसच्या अहवालांत आजवर चुकीच्या महिन्यात मोजली जात होती. तारीख काढताना आशिया-कोलकाता हा टाइमझोन नाव घेऊन सांगितला की हे दुरुस्त होते. माझे मत विचाराल तर बिलाची तारीख ही टाइमस्टॅम्पवरून काढण्याची गोष्टच नव्हे. ती कागदावर छापलेली कायदेशीर नोंद आहे, तिला स्वतःचा साधा तारखेचा रकाना असावा आणि क्षणाची नोंद तिच्या शेजारी वेगळी असावी.

खरीखुरी दुबार बिलेही निघतातच. इंटरनेट मध्येच तुटले आणि भरण्याचा कार्यक्रम पुन्हा चालला की त्याच ओळी दुसऱ्यांदा जमा होतात. त्या हुबेहूब सारख्या असतील तर एक ठेवून बाकीच्या गाळाव्यात. क्रमांक तोच पण रक्कम वेगळी असेल तर बहुधा बिल दुरुस्त झालेले असते आणि शेवटी आलेली नोंद खरी मानावी लागते, मात्र हा निर्णय हिशेबनीसाच्या सहीने व्हावा. यासाठी फायली थेट अंतिम टेबलांत न भरता आधी कोणतीही अट नसलेल्या उतार-टेबलात भराव्यात, कारण कॉपी आज्ञेत एका ओळीने अट मोडली तरी सगळा भरणा मागे फिरतो. उतार-टेबलातून पारखून चांगल्या ओळी पुढे न्याव्यात आणि अडलेल्या ओळी कारणासह वेगळ्या टेबलात ठेवाव्यात. एकेक ओळ घालण्यापेक्षा कॉपी कितीतरी वेगवान असते. इंडेक्स भरणा संपल्यावर बांधावेत, आणि मग ॲनलाइझ ही आज्ञा चालवावी, म्हणजे डेटाबेसला आपल्या टेबलांचा अंदाज येतो.

पडताळणीत ओळींची संख्या जुळणे पुरेसे नसते, कारण एक ओळ गळली आणि दुसरी दुबार आली तरी संख्या तीच राहते. पार्टीवार आणि महिनावार बेरजा दोन्हीकडे काढून शेजारी ठेवाव्यात, आणि काही बिले कपाटातल्या फायलींशी ताडून पाहावीत.

यानंतर रात्री काउंटर नव्या डेटाबेसवर वळवला जातो, आणि सकाळचे पहिलेच बिल नोंदवताना पुन्हा ‘ही की आधीच आहे’ असा नकार येण्याची दाट शक्यता असते. तशी सोय केलेल्या टेबलात पोस्टग्रेस प्रत्येक नव्या ओळीला आपला आतला क्रमांक सीक्वेन्स नावाच्या मोजणी-यंत्रातून देतो. जुन्या ओळी त्यांच्या क्रमांकांसह कॉपीने भरल्या तेव्हा हे यंत्र हललेलेच नसते आणि ते नव्या ओळीला १ हाच क्रमांक देऊ पाहते. सेटव्हॅल ही आज्ञा देऊन ते शेवटच्या क्रमांकावर आणून ठेवावे लागते. छापील बिलाचा अनुक्रमांक मात्र या यंत्रातून घेऊ नये, कारण एखादा व्यवहार अर्ध्यात रद्द झाला तर सीक्वेन्सने दिलेला क्रमांक वाया जातो आणि नियम ४६ ला हवी असलेली सलगता तुटते. त्याच्यासाठी आर्थिक वर्षागणिक एक ओळ असलेले छोटे टेबल ठेवावे, आणि बिल नोंदवण्याच्या व्यवहारातच ती ओळ कुलूपबंद करून पुढचा क्रमांक घ्यावा.