जिप्सीचा ट्रान्सफर बदलायचाय? आणण्याआधी हाताने फिरवून मोजा

"दादा, 410 चा ट्रान्सफर मिळालाय, उद्या गाडी घेऊन येतो, संध्याकाळपर्यंत होईल ना?" पावसाळा जवळ आला की हा फोन आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि आमचा प्रश्न ठरलेला असतो, त्याचा रेशो मोजलाय का? मोजलेला कधीच नसतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, गाडी आणण्याआधी वाचा, तुमचा एक दिवस वाचेल आणि आमचे दोन.

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा, हाय-लो गिअरचा डबा, जास्त सांगत बसत नाही. फक्त आकडे लक्षात ठेवा, म्हणजे आत किती फेरे गेले की बाहेर एक फेरा येतो ते. जुन्या 1 लिटरच्या जिप्सीत, म्हणजे 410 मध्ये, हाय 1.58 आणि लो 2.51. 1.3 लिटरच्या जिप्सी किंगमध्ये हाय 1.41 आणि लो 2.27. म्हणजे किंगला 410 चा ट्रान्सफर लावला की हायला साधारण 12 आणि लोला 11 टक्के गिअर खाली येतो, म्हणजे ओढ वाढते, स्पीड कमी होतो. मोठे टायर टाकणारे लोक याच्या मागे का असतात ते आता कळेल. 205/70 आर 15 काढून 235/75 आर 15 टाकला की टायर जवळपास 10 टक्के उंच होतो, गाडी चढाला मरते, दुसऱ्या गिअरला घाट चढायची ती पहिल्यात कण्हत चढते. 410 च्या ट्रान्सफरने ते भरून निघतं, वर थोडं शिल्लक राहतं. पहिला गिअर 3.652 आणि क्राऊन 11/41 (डिफ्रन्शलमधल्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यातल्या, दोन गिअरचे दात, 3.73) धरला तर लो मध्ये सगळ्यांचा गुणाकार 31 च्या आसपास असतो तो 34 वर जातो, चिखलात क्लच जाळायची वेळ कमी येते.

टायर कंपनीचेच असतील तर हे करू नका. 80 च्या स्पीडला पाचव्यात साधारण 300 आरपीएम वाढतात, कोल्हापूरपर्यंत कान किटतात आणि मग शिव्या आम्हाला. तुमचे पैसे आहेत, पण आम्ही नको म्हणणार.

आता मुद्द्याचं. एक गिऱ्हाईक असाच ट्रान्सफर घेऊन आले, वरून सिल्व्हर रंग मारलेला, विकणाऱ्याने सांगितलं 410 चा, यांनी मानलं आणि खरं सांगायचं तर आम्हीपण मानलं. जुना उतरवला, हा चढवला, सील घातले, ऑइल भरलं, ट्रायलला गेलो तर काहीच फरक नाही. परत उतरवला, मोजला, तर 1.41 चाच निघाला, म्हणजे त्यांच्या गाडीत आधी होता तसलाच परत घातला होता! दोन दिवस गेले आणि लेबर मागायला तोंड नव्हतं. यातल्या कित्येक गाड्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली, काही मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या, कुणी कधी आत काय घातलंय ते बॉडीवर लिहिलेलं नसतं. तेव्हापासून न मोजलेला ट्रान्सफर आमच्याकडे गाडीखाली जात नाही, ओळखीचा माणूस असला तरी.

मोजायला दहा मिनिटं लागतात आणि खडू लागतो. ट्रान्सफर जमिनीवर ठेवा. पुढच्या अंगाला दोन फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकत्या) दिसतील, वरचा गिअरबॉक्सकडून येणाऱ्या छोट्या शाफ्टचा, खालचा पुढच्या अ‍ॅक्सलचा, आणि मागच्या अंगाला एकटा आहे तो मागच्या अ‍ॅक्सलचा. वरच्यावर आणि मागच्यावर खडूने एकेक रेघ मारा. हायमध्ये टाका आणि वरचा फिरवत राहा, मागचा बरोब्बर 10 वेळा फिरेपर्यंत. वरचे फेरे 14 आणि थोडे वर आले तर तो किंगचा, 16 ला जरासा कमी आला तर 410 चा. मग लोमध्ये टाकून तेच करा, साडेबावीसच्या थोडं पुढे किंवा 25. वरचा फिरतोय आणि मागचा ढिम्म, तर न्यूट्रलमध्ये आहे, खराब नाही, तेवढ्यासाठी फोन करू नका. फिरवताना एखाद्या ठराविक जागी अडकल्यासारखं वाटलं किंवा खरखर लागली तर मात्र फोन करा, पैसे देण्याआधी.

एवढं मोजलंच आहे तर गाडीचे दोन्ही डिफ्रन्शलपण मोजा, कारण जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये मधला डिफ्रन्शल नाही, फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच स्पीडने फिरतो. पुढे 9/37 आणि मागे 11/41 असा क्राऊन असेल तर 4.11 आणि 3.73 ची मारामारी चालू होते आणि त्यात काहीतरी तुटतं, बहुतेकवेळा महागातलं. कुणीतरी मागचं हाउसिंग भंगारातून बदललेलं असतं, मालक टू व्हीलमध्येच फिरतो म्हणून कळत नाही आणि मग नवीन ट्रान्सफर लावून पहिल्यांदा फोर व्हील टाकला की "तुम्ही लावल्यापासून आवाज येतो". एक चाक उचला, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये, चाकाचे 20 फेरे द्या आणि शाफ्टचे मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने 20 फेरे म्हणजे क्राऊनचे 10, शाफ्ट 37 च्या पुढे फिरला तर 3.73, 41 फिरला तर 4.11. पुढच्याला फ्री व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून सुटं करणारे) असतील तर आधी लॉक करा. मॅन्युअल हब लॉक न करता पुढचा मोजून "शाफ्ट फिरतच नाही" म्हणणारेपण भेटलेत.

हे करताना एक गोष्ट, ही गंमत नाही. ज्या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर आहे, तिचं मागचं एक चाक उचललं की हँडब्रेकचा काही उपयोग नाही, डिफ्रन्शल फिरून जातो. मागचा शाफ्ट काढला तर ब्रेक नुसता ट्रान्सफरला धरतो, गाडीला नाही. आणि मागचा डिफ्रन्शल मोजताना हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर शाफ्ट हलणार नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, उतारावर तर हे करूच नका.

स्पीडोमीटरचं बरेच जण विचारतात. त्याची केबल ट्रान्सफरच्या आउटपुटवरून चालते, म्हणून नुसता ट्रान्सफर बदलून काटा चुकत नाही, टायर किंवा क्राऊन बदलला तर चुकतो.

आमचा रेट बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त वाटतो हे माहितीये. आम्ही तिन्ही सील, माउंटिंगचे रबर आणि छोट्या शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले जोड) खराब असोत-नसोत बघतो आणि सील तर बदलतोच. आतलं ऑइल पाऊण लिटरच्या आसपास, सील गळला तर संपायला वेळ लागत नाही आणि कोकणात भर पावसात ट्रान्सफर जाम झाला की क्रेनचं बिल आमच्या सगळ्या सीलपेक्षा मोठं येतं. तुम्ही आणलेल्या ट्रान्सफरच्या आतल्या गिअरची गॅरंटी आम्ही देत नाही, फिटिंगची देतो, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाद नको.

आणताना फ्लँज आणि त्याचे बोल्ट सोबत आणा, आणि विकत घ्यायच्या आधी गाडीच्या शाफ्टच्या फ्लँजवर कागद दाबून भोकांचा छाप घेऊन जा, तिथेच लावून बघा. नुसती बॉडी स्वस्तात मिळते, नंतर एका फ्लँजसाठी आठवडा जातो. थार-बोलेरोवाल्यांनी हे सगळं स्वतःला लावून घेऊ नका, तिथे ट्रान्सफर गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो, स्प्लाइनपासून (शाफ्टवरच्या खाचांपासून) सगळं जुळावं लागतं, त्यासाठी समोर बसून बोलू.

मोजायला जमत नसेल तर शनिवारी सकाळी घेऊन या, आम्ही मोजून बॉडीवर पेंटने आकडा लिहून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आमच्या रॅकवर मोजलेले, उघडून बेअरिंग बघितलेले दोन-तीन असतातच, तुमचा जुना देऊन फरकाचे पैसे भरून बदलीही होते, पण पावसाळ्याआधी ते पटापट जातात म्हणून आधी फोन करा. फिटिंग झाल्यावर 500 किलोमीटरला फ्लँजचे बोल्ट परत आवळून घ्यायला या, पाच मिनिटांचं काम आहे, त्याचेही पैसे नाहीत, चहा मात्र तुमच्याकडून.