जॅग्वारचं पंखावरचं मिसाईल आणि त्याची प्रोफाइल चित्रं

सुखोई घ्या, मिराज घ्या, तेजस घ्या, हत्यारं कुठे असतात तर पंखाखाली, पोटाखाली नाहीतर पंखाच्या टोकाला. आपल्या वायुसेनेच्या जॅग्वार या लढाऊ विमानाचं तसं नाही, त्याचं हवेतून हवेत मारा करणारं मिसाईल पंखाच्या वर, एका छोट्या पायलॉनवर, म्हणजे हत्यार अडकवायच्या आधारावर, बसतं.

जॅग्वार ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून बनवलं, पहिलं उड्डाण १९६८ चं. आपल्याकडे १९७९ मध्ये आलं, नाव पडलं शमशेर, पुढे एचएएल या आपल्या सरकारी विमान कंपनीने इथेच बनवलं. त्याचं मुख्य काम म्हणजे जमिनीला लागून उडत जायचं आणि टार्गेटवर बॉम्ब टाकायचे, त्यामुळे पंखाखालच्या चार आणि पोटाखालची एक अशा पाचही जागा बॉम्ब आणि इंधनाच्या टाक्यांना हव्या असतात, मग शत्रूचं विमान मागे लागलं तर पायलटने काय करायचं? फ्रेंच जॅग्वार पंखाखालचीच एक जागा मॅजिक मिसाईलला द्यायचे. बाहेरच्या देशांना विकायच्या जॅग्वारला मात्र पंखावर सोय केली आणि खालची एकही जागा गेली नाही. ब्रिटिशांनी पण १९९१ च्या आखाती युद्धात आपल्या जॅग्वारच्या पंखावर साइडवाइंडर मिसाईल लावली.

वर मिसाईलच का बसतं, बॉम्ब का नाही, तर बॉम्बला सुटून खाली पडावं लागतं आणि मध्ये पंख येणार, मिसाईल मात्र स्वतःच्या रॉकेटच्या जोरावर रेलवरून सरळ पुढे निघून जातं. साधं वाटतं पण मला हे डोकं लावणाऱ्यांचं फार कौतुक आहे. त्रास आर्मररला, म्हणजे विमानावर हत्यारं चढवणाऱ्याला, जवळपास ९० किलोचं मिसाईल त्याला पंखाच्याही वर चढवायचं असतं.

आता चित्रकाराकडे येऊ. विमानाचं एका बाजूने, मापात काढलेलं चित्र म्हणजे प्रोफाइल, आणि जॅग्वारच्या बाबतीत ते फार कामाचं, कारण उडत्या विमानाच्या जमिनीवरून काढलेल्या फोटोत विमानाचं पोट दिसतं आणि नेमकं हेच मिसाईल पंखामागे लपतं. आमच्या नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, पण जॅग्वारच्या स्क्वाड्रन अंबाला, गोरखपूर, जामनगरकडच्या. इथल्या वायुसेनानगरच्या एअर शोला सूर्यकिरण या वायुसेनेच्या कसरती करणाऱ्या टीमची हॉक विमानं येतात, त्यांचं अडूर इंजिन जॅग्वारच्याच घराण्यातलं, हॉकला एक आणि जॅग्वारला दोन, पण म्हणून जॅग्वार काही बघायला मिळत नाही. माझ्या ओळखीचे धरमपेठेतले एक काका, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, कित्येक वर्षं हेच चित्र काढतायत, तेही उभ्या विमानाचे छापून आलेले फोटो जमवून जमवून. स्केल १:४८, म्हणजे विमान साधारण ३५ सेंटीमीटर, ए-थ्री कागदावर बरोबर बसतं आणि मिसाईल भरतं जेमतेम ६ सेंटीमीटर.

त्या सहा सेंटीमीटरवर काकांचे दोन-दोन दिवस जातात. जुनं मॅजिक असेल तर पुढच्या बाजूलाही छोटे पंख काढायचे, नवीन अ‍ॅसरॅम असेल तर पुढे काहीच नाही, फक्त शेपटीला, आणि अ‍ॅसरॅमच्या खरेदीचा करार २०१४ चा, म्हणून एवढ्या एका फरकावरून चित्र कोणत्या काळातलं ते ओळखता येतं. नवशिके मिसाईल थेट पंखाला चिकटवून काढतात, मधला पायलॉन विसरतात, काका तिथे लगेच पेन्सिल टेकवून दाखवतात की बाबा इथून आकाश दिसलं पाहिजे.

बाजूने बघितलं की पलीकडचं मिसाईल अलीकडच्याच्या मागे झाकलं जातं, म्हणून ते खाली कोपऱ्यात समोरूनचं एक छोटं चित्र पण काढतात, त्यात दोन्ही पंखांवर एकेक शिंग उभं दिसतं, आणि त्याच्याखाली ज्या फोटोवरून काढलं त्याचं वर्ष लिहून ठेवतात.